तिरका चौकोन

“एक कमी आहे,” आजीबाई म्हणाल्या आणि कागद टेबलावरून परत सरकवला.

डॉक्टरीणबाईंनी कागद फिरवून घेतला. आजीबाईंच्या शेजारी त्यांची नात पोटावर हात ठेवून बसली होती. तिला पाचवा महिना होता. त्यांच्या घराण्यात मुलगे जन्मले की चार-आठ दिवसांत जात, मुली मात्र ठणठणीत राहत. ते कशामुळे, आणि आता या पोटातल्या बाळाचं काय, एवढं विचारायला दोघी तीन गाड्या बदलून आल्या होत्या.

“माझी मुलं सहा,” आजीबाई म्हणाल्या. “इथे पाच आहेत. दोन मुलगे एकाच वर्षात गेले. एक वर्षाच्या तोंडाला, एक शेवटाला. तुमच्या कागदावर एकच.”

“आजी, खूप वर्षं झाली. कदाचित…”

“बाई, दुधाचा हिशेब चुकेल माझा. बाळंतपणं कशी चुकतील?”

डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला. “मास्तर, जरा खाली येता का? तुमच्या झाडाचं एक पान गळालंय.”

*

मास्तर म्हणजे पट्टीमास्तर. त्यांनी आयुष्यात कुणाला शिकवलं नव्हतं. इस्पितळाच्या आनुवंशिक आजारांच्या विभागात ते आरेखक म्हणून लागले तेव्हा खिशात कायम सहा इंची पट्टी असायची, म्हणून हे नाव. कुटुंब समोर बसायचं, डॉक्टर विचारायचे आणि मास्तर वंशवृक्ष काढायचे. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, मुलगा की मुलगी हे माहीत नसेल तर तिरका चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. गेलेल्या माणसावरून एक तिरपी रेघ. एका घराण्याला एक सकाळ जायची, आणि शेवटी कुणीतरी हमखास म्हणायचं, “अरे हो, आमची एक मावशी राहिलीच.” मग पुन्हा कोरा कागद.

त्या मावश्यांना कंटाळूनच वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी मास्तर प्रोग्राम लिहायला शिकले. पुस्तक वाचून, धडपडत, चार तरुणांचं हसू झेलत. साध्या ओळींत माणसं लिहायची, कोण कुणाचं ते सांगायचं, चित्र यंत्र काढणार. मावशी राहिली तर एक ओळ वाढवायची, सगळं झाड आपोआप सरकून तिला जागा देणार. विभागात त्याला सगळे ‘झाड’च म्हणत. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. बायको म्हणायची, या झाडाला तुम्ही जेवढं जपता तेवढं मला जपलं असतंत तर मी आत्तापर्यंत फळाला आले असते.

झाडाच्या मुळाशी, म्हणजे प्रोग्रामच्या अगदी वरच्या ओळींत, मास्तरांनी बदलांची नोंद ठेवली होती. खाली येता येता जिन्यातच त्यांना त्यातली एक नोंद आठवली.

*

बदल २३.
एकच माणूस दोनदा येतो (आत्या एकदा सांगते, मामी एकदा). आई-वडील तेच, नाव तेच, जन्माचं वर्ष तेच असेल, तर एकच धरावा.
सांगितलं: डॉक्टरीणबाईंनी.
झालं. फार उपयोग होतो आहे.

*

फार उपयोग झाला होता, खोटं नाही. त्या बदलानंतर कुणाचे काका जुळे निघाले नव्हते. सात वर्षांपूर्वी विभागात त्याबद्दल पेढ्यांऐवजी बिस्किटं वाटली गेली होती, मास्तरांच्याच खर्चाने.

आजीबाईंच्या फाइलमध्ये ओळी सहाच होत्या. लिहिणाऱ्याने काही विसरलं नव्हतं. दोन मुलग्यांची नावं रिकामी होती, कारण नाव ठेवण्याइतके दिवस ते राहिलेच नव्हते. आई तीच. बाप तोच. वर्ष एकच. रिकामं नाव आणि रिकामं नाव सारखंच. यंत्राने दोघांना एक केलं आणि पुढे गेलं; ना घंटा वाजली, ना लाल अक्षरं आली.

“आजी, चूक माझी आहे,” मास्तर उभ्यानेच म्हणाले. “तुम्ही सहा सांगितलीत, आमच्या माणसाने सहा लिहिली. मी एक खाऊन टाकलं.”

आजीबाईंनी त्यांच्याकडे खालून वर पाहिलं. “असू दे. आमच्या घरच्यांनीही दोघांना एकच करून टाकलं होतं. ‘ते दुःख’ म्हणायचे. दोन होती ती दुःखं.”

डॉक्टरीणबाईंनी पेनने कागदावर एक चौकोन वाढवला, त्यावरून तिरपी रेघ ओढली. मग पेनच्या टोकाने एकेक चौकोन मोजला. सहामध्ये तीन मुलगे, आणि तिघेही गेलेले. आता ही गोष्ट वाईट नशिबावर ढकलता येत नव्हती. त्यांनी नातीसाठी रक्ताची तपासणी लिहून दिली. “बरं झालं बोललात,” त्या म्हणाल्या. “आधी कळलं तर जन्मल्याबरोबर उपचार सुरू करता येतात.”

नात पहिल्यांदाच बोलली. “आजी कधीच काही बोलत नाही. आज कशी बोललीस ग?”

“आज कागदावर दिसलं,” आजीबाई म्हणाल्या.

*

बदल ५७.
बदल २३ चुकीचा. नाव रिकामं असेल तर कधीही एकत्र करू नये. रिकामं म्हणजे सारखं नव्हे.
सांगितलं: एका आजींनी.

*

मास्तरांचा एक नेम होता. झाडात काहीही बदललं की पहिली चाचणी घरच्या माणसांवर. घरचं कुटुंब एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं होतं, सहा वर्षांपूर्वीचं. पंचवीस-तीस माणसं, दूरच्या नात्यातली दोन लग्नं, एक भांडून वेगळा झालेला चुलता; रेघांची परीक्षा घ्यायला असं घराणं बरं. याच फाइलवरून काढलेलं झाड त्यांनी आईच्या अठ्ठ्याहत्तराव्या वाढदिवसाला काचेच्या चौकटीत घालून दिलं होतं. तिच्या पलंगासमोरच्या भिंतीवर ते होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी विभागात कुणी यायच्या आत त्यांनी बदल ५७ घरच्यांवर चालवला.

चित्र आलं. मास्तरांनी नेहमीसारखी वरून खाली नजर टाकली आणि थांबले. आईबाबांच्या खाली एक तिरका चौकोन असायचा, मग ते स्वतः, मग बहीण. आज तिरके चौकोन दोन होते.

“घ्या,” ते स्वतःशी म्हणाले. “एक भोक बुजवलं, दुसरं पडलं.”

चूक शोधायला बसले. जुना नियम परत घातला: एक चौकोन. काढला: दोन. पुन्हा घातला, पुन्हा काढला. चहावर साय धरली. शिपाई येऊन खिडक्या उघडून गेला, “मास्तर, आज लवकर?” म्हणाला, मास्तरांनी ऐकलं नाही. प्रोग्रामची प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. पाऊण तास झाल्यावर, दुसरं काहीच उरलं नाही म्हणून, त्यांनी माणसांची फाइल उघडली.

मूल: नाव ____, माहीत नाही, गेलं
मूल: नाव ____, माहीत नाही, गेलं
मूल: छोट्या, पुरुष
मूल: चिऊ, स्त्री

जन्माचं वर्ष शेजारच्या रकान्यात, दोन्ही रिकाम्या नावांपुढे एकच. टंकलेलं त्यांनीच.

आठवलं. आत्या फोनवर एकेक माणूस सांगत होती, आणि रिसीव्हर खांदा आणि कान यांत धरून ते टंकत होते. “तुझ्याआधी दोन गेली. जुळी. लिही.” “लिहिलं.” “मुलगा होता की मुलगी, ते मेलं आता आठवत नाही.” “चालेल, पुढे.” त्या महिन्यात चुलत भावंडांच्या रेघा एकमेकींना छेदत होत्या आणि त्यांना काही केल्या झोप लागत नव्हती. ते रेघा बघत होते. माणसं बघायला सवड नव्हती.

आपल्याआधी घरात काहीतरी झालं होतं, हे त्यांना पुसटसं माहीत होतं. काय, ते कुणी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. थोरले असून घरात त्यांना छोट्या म्हणायचे. बहीण लहानपणी भांडायची, धाकटी मी आणि छोट्या तू, हा कुठला न्याय. सत्तावन्न वर्षं ते हसण्यावारी नेत आले होते.

आणि सहा वर्षं आई पलंगावर बसून रोज समोर बघत होती. तिथे एकच होतं.

*

“चिऊ, आईच्या खोलीतलं झाड आहे ना.”

“आहे की. कालच काच पुसली.”

“त्यात चूक आहे. एक मूल कमी आहे.”

“कुणाचं?”

“आईचं.”

“थांब, दार लावते.”

“तुला माहीत होतं, जुळी होती ते?”

“काहीतरी गेलं होतं, इतपत. दोन होती हे तूच आत्ता सांगतोयस. दादा, उकरू नकोस हं. चौऱ्याऐंशी वर्षांची आहे ती. परवा कुठे खोकला थांबलाय.”

“चुकीचं लटकतंय ते.”

“सहा वर्षं लटकतंय. ती कधी हूं की चूं बोलली?”

“नाही.”

“मग?”

“तेच तर, चिऊ.”

*

आता गुपचूप नवा कागद काढून चौकटीत सरकवून यायचं, असंही करता आलं असतं. आईला दिसलं असतं तर दिसलं असतं. पण एक अडचण होती.

जुळी काढायची रीत वेगळी असते. बाकीच्या भावंडांच्या रेघा आडव्या दांडीवरून सरळ खाली सुटतात. जुळ्यांच्या दोन रेघा एकाच ठिपक्यातून निघतात आणि तिरप्या होऊन दोन बाजूंना जातात. झाडाला हे येत नव्हतं. इतकी वर्षं विभागात जुळी आली की मास्तर छापील कागदावर पेनने काढून द्यायचे. आता शिकवायला बसले. दोन दिवस गेले. पहिल्या दिवशी जुळ्यांच्या रेघा आईबापांना सोडून भलत्याच जोडप्याला जाऊन चिकटल्या. दुसऱ्या दिवशी जमलं, आणि यंत्राने विचारलं, आधी कोण? जे आधी जन्मलं ते डावीकडे, हा नियमही मास्तरांनीच घातलेला.

“घाला की काहीतरी,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या जुन्या फाइली घेऊन आल्या होत्या. बदल ५७ नंतर अकरा घराण्यांत एकेक मूल वाढलं होतं, आणि त्या अकरांना त्या स्वतः पत्रं लिहीत होत्या. “घरचंच तर आहे, मास्तर. कोण तपासणार आहे?”

“आजीबाईंच्या वेळी तुम्ही काहीतरी घातलं असतंत?”

डॉक्टरीणबाईंनी पत्रावर सही केली. “जा मग,” त्या म्हणाल्या. “अर्धी रजा टाका आणि जा.”

*

बहिणीने दार उघडलं. “खोकल्याचं लक्षात ठेव,” एवढंच म्हणाली. मास्तर लॅपटॉपची पिशवी छातीशी धरून आत गेले.

आई पलंगावर बसून जुना स्वेटर उसवत होती. टेलिफोन खात्यात तीस वर्षं जोडण्या करून देण्यात गेली होती तिची, बोटं अजून रिकामी बसत नसत.

“आलास? बरा आलास. हात पुढे कर.”

तिने त्यांच्या दोन्ही पंजांभोवती लोकरीचा वेढा टाकला आणि गुंडाळी करू लागली. मास्तर लहानपणी बसत तसे, हात फाकवून, तिच्यासमोर बसले. त्यांच्या मागच्या भिंतीवर काचेची चौकट होती.

“आई, एक विचारायचं होतं.”

“विचार. तसाही तू आज पळू शकत नाहीस.”

“माझ्याआधीची दोघं.” मास्तरांनी हात आणखी फाकवले. “त्यांच्यात आधी कोण झालं?”

लोकर थांबली नाही. एक वेढा सुटला, दुसरा सुटला. दारात बहीण ट्रे घेऊन उभी होती, ती तिथेच थबकली.

“मुलगी,” आई म्हणाली. “वीसेक मिनिटांनी मुलगा. हात वर घे, खाली येतायत.”

त्यांनी हात वर घेतले.

“मुलगी रडली होती. चांगली खणखणीत. तो नाही रडला. संध्याकाळपर्यंत होती दोघं.” तिने गुंडाळी फिरवून घेतली. “तुला कुणी सांगितलं?”

“आत्याने, सहा वर्षांपूर्वी. मी दोन लिहिली होती, आई. प्रोग्रामने एक केली. म्हणजे मीच. मी बघितलंच नाही. तू बघत होतीस आणि मी…”

“मला वाटलं, कागदावर जागा नसेल.”

मास्तरांचे हात अडकलेले, तोंड लपवायचीही सोय नव्हती.

“एवढी माणसं बसवायची,” आई म्हणाली, जणू त्यांचीच बाजू घेत होती. “आणि कुणाला तरी ठेवलंयस म्हटलं, हेच पुष्कळ. तुझ्या बाबांनी तर विषयच काढू दिला नाही कधी. वाईट नव्हते ते. त्यांना झेपायचं नाही.”

“पण मग तू विचारायचंस ना मला.”

“काय विचारू? तो चौकोन तिरका होता. गोल नाही, सरळही नाही. मी चिऊला विचारलं, असा का? ती म्हणाली, मुलगा की मुलगी माहीत नसलं की असा काढतात. म्हटलं, बरं झालं, दोघांना चालेल.” शेवटचा वेढा त्यांच्या पंजावरून सुटला. “एक दिवस तिचा धरायचा, एक दिवस त्याचा. भांडण नको.”

ट्रेमधले कप वाजले. बहिणीने ट्रे टेबलावर ठेवला आणि खिडकीपाशी जाऊन पडदा उगीचच नीट केला.

“तू मला विचारलंस ते कशासाठी, ते तरी सांगायचंस,” ती पाठमोरीच म्हणाली. “मी साधं उत्तर देऊन भाजी चिरायला गेले असेन.”

“मग बरोबर केलंस. तेवढंच हवं होतं मला,” आई म्हणाली.

मास्तरांनी लॅपटॉप उघडला. फाइलमधल्या त्या दोन ओळी शोधल्या. पहिलीत ‘माहीत नाही’ खोडून ‘स्त्री’ लिहिलं, दुसरीत ‘पुरुष’. मग नावाच्या रिकाम्या जागेवर त्यांचं बोट थांबलं.

“आई, नावं? ठरवली होतीस?”

“होती.”

त्यांनी बोटं कळांवर ठेवली.

“ती राहू देत माझ्यापाशी,” आई म्हणाली. “रिकामं चालतं ना तुझ्या यंत्राला?”

“आता चालतं.”

चित्र आलं. आईबाबांच्या खालच्या दांडीवर डावीकडे एक ठिपका, त्यातून दोन तिरप्या रेघा. एक गोल, एक चौकोन, दोन्हींवरून एकेक तिरपी रेघ. मग छोट्या. मग चिऊ. आईने चष्मा पुसला, लॅपटॉपच्या पडद्याजवळ आली. बराच वेळ बघितलं. बहीणही येऊन तिच्या खांद्यामागून बघू लागली.

“ठीक आहे?” मास्तरांनी विचारलं.

“लांब आहेत.”

“काय?”

“ही दोघं. लांब लांब काढलीयस.”

“सगळ्या भावंडांत तेवढंच अंतर असतं, आई. तू छोट्या आणि चिऊ बघ. तेवढंच. नियमच आहे तसा.”

“तुम्हा दोघांत तीन वर्षं होती,” आई म्हणाली. “यांना नर्सने एकाच दुपट्यात आणलं होतं.”

मास्तरांनी प्रोग्राम उघडला. अंतराचा आकडा सगळ्या भावंडांसाठी एकाच ठिकाणी होता, चाळीस. त्यांनी त्याखाली जुळ्यांसाठी एक वेगळी ओळ लिहिली आणि आकडा तीस घातला. चित्र पुन्हा काढलं. दोन तिरप्या रेघा थोड्या सरळ झाल्या.

“आणखी,” आई म्हणाली.

वीस.

“आणखी.”

दहा. बहिणीचा हात आईच्या पाठीवर होता. कपांतला चहा कुणी घेतला नव्हता.

“आणखी.”

पाच घातले. मग मास्तरांनी न विचारताच आकडा शून्यावर आणला. रेघा जवळजवळ एकच झाल्या, आणि गोलाची कड चौकोनाच्या कडेला टेकली.

“बस,” आई म्हणाली.